नोव्हेंबरच्या पावसातले ब्लॅकटेल: नव्या शिकाऱ्यांसाठी काही अनुभव

वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात ब्लॅकटेल हरणाच्या शिकारीला मी जाऊ लागलो त्याला आता नऊ हंगाम झाले. पहिल्या चार हंगामांत मला एकही नर दिसला नाही. दिसल्या त्या माद्या, पाडसे आणि ओल्या चिखलातले ताजे ठसे. पाचव्या वर्षी पहिला नर मिळाला, तोही माझे कौशल्य वाढले म्हणून नव्हे, तर ऑक्टोबरचा नाद सोडून मी हंगामाच्या शेवटच्या दिवसांवर भर दिला म्हणून. या भागात नोकरीनिमित्त आलेल्या आणि या वाटेला लागू पाहणाऱ्या मराठी मित्रांनी वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहीत आहे.

आधी कायद्याचे बोलू, कारण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ संपलीच आणि तिचे नियम शिकण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर आलेली नाही. वॉशिंग्टनमध्ये १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या व्यक्तीला परवाना घेण्यापूर्वी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हरणाचा टॅग, म्हणजे एक हरीण मारण्याच्या परवानगीची चिठ्ठी, घेतानाच रायफल, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण यांपैकी एक साधन निवडावे लागते आणि त्या वर्षी हरणासाठी त्याच साधनाच्या हंगामात उतरता येते. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांनी तर जास्तच सांभाळावे. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे, पण राज्याचे नियम त्याहून वेगळे असतात. ग्रीन कार्ड हाती येण्याआधी मित्राची रायफल ‘जरा हातात घेऊन पाहतो’ असे म्हणण्यापूर्वीसुद्धा वकिलाला विचारावे.

ब्लॅकटेल ही म्यूल डिअरची किनारपट्टीवरची उपजात आहे. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला, डग्लस फर आणि हेमलॉकच्या दाट, सदा ओल्या रानात ती राहते. आपल्याकडच्या भेकरासारखा तिचा स्वभाव आहे: झाडोरा सोडायचा नाही, चाहूल लागली तर पळण्याऐवजी जागच्या जागी थिजून उभे राहायचे आणि माणूस पुढे गेला की मागच्या मागे सटकायचे. प्रौढ नर ऑक्टोबरमध्ये बहुतेक रात्रीच हिंडतो. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र माज शिगेला पोहोचतो आणि एरवी दिवसा न दिसणारा नर सकाळी दहा वाजताही माद्यांचा माग काढत उघड्यावर येतो. रायफलवाल्यांचा उशिराचा हंगाम ठरावीक विभागांत याच सुमारास, जेमतेम चार दिवसांचा असतो. कोणता विभाग खुला आहे आणि तेथे शिंगांना किती टोके असलेला नर चालतो हे दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहावे; मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

या चार दिवसांसाठी माझे एकच सूत्र आहे: नर शोधू नका, माद्या शोधा. माद्यांचा वावर लहान असतो, अनेकदा एखाद्या डोंगरउतारापुरताच. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी ऑलिंपियाजवळच्या कॅपिटल स्टेट फॉरेस्टमध्ये रविवारच्या फेऱ्या मारतो, तेव्हा शिंगांकडे लक्षच देत नाही. कोणत्या उतारावर तीन-चार माद्या रोज चरतात, त्या कोणत्या ओढ्यातून वर येतात आणि कोणत्या दाट लावणीत रवंथ करायला बसतात एवढेच टिपून ठेवतो. लाकूडतोड होऊन तीन ते आठ वर्षे झालेले तुकडे, म्हणजे इकडच्या भाषेत क्लिअरकट, यासाठी उत्तम, कारण तेथे ऊन पोहोचते आणि रानटी ब्लॅकबेरी व कोवळी झुडपे माजतात. नवी झाडे डोक्याच्या वर गेली की चारा सावलीखाली मरतो. मग तो तुकडा चरण्यापेक्षा लपण्याच्या कामाचा उरतो. चराईचा तुकडा आणि लपण्याचा तुकडा जेथे एकमेकांना भिडतात, ती कड माझी बसण्याची जागा. नोव्हेंबरपर्यंत आल्डर आणि मेपलची पाने गळून गेलेली असतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये हिरव्या भिंतीसारखी वाटणारी जागा आता पन्नास-साठ पावले आतपर्यंत दिसते. मोठ्या वादळानंतर जुन्या झाडांखालीही एक फेरी मारावी. वाऱ्याने फांद्यांबरोबर खाली पडलेले दगडफूल खायला हरणे तेथे येतात.

चालण्याविषयी जितके लिहावे तितके थोडे. माझ्या एका अनुभवी सहकाऱ्याने पहिल्या वर्षी मला सांगितले होते की तासाभरात दोनशे मीटर गेलास तर घाई केलीस. मला ती थट्टा वाटली. आता मी दोन पावले टाकतो, झाडाच्या खोडाला टेकून उभा राहतो आणि दुर्बिणीतून समोरचे रान डावीकडून उजवीकडे, मग मागे असे निवांत वाचून काढतो. दुर्बीण दूरचे पाहण्यासाठी नाही. तीस मीटरवरच्या फर्नच्या आत डोकावण्यासाठी आहे. अख्खे हरीण कधीच दिसत नाही. उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी रेघ दिसते, ती पाठ असते. पाचव्या वर्षीचा तो नर मला असाच सापडला. एका कुजक्या बुंध्यावर पाण्याचा थेंब पडला आणि बुंध्याने कान झटकला. मग काळेभोर नाक दिसले आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, फांदी समजून मी तीनदा नजरेआड केलेले शिंग. माझ्यापासून तो चाळीस पावलांवर होता आणि मला वाटते, माझ्याआधी त्याने मला पाहिले होते. फक्त पुढे गेलेल्या मादीला सोडून जायला तो तयार नव्हता.

पाऊस हा नवख्याला शत्रू वाटतो, पण रिमझिम पावसात ओल्या पानांवर पाय वाजत नाही आणि हरणेही निर्धास्त हिंडतात. खरा वैरी सोसाट्याचा वारा. त्याने सगळे रान हलते, कानांचा उपयोग राहत नाही आणि हरणे दाटीत दडून बसतात. असे वादळ ओसरल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास मात्र सोन्यासारखे असतात. त्या वेळी घरी कपडे वाळवत बसू नये. गंधाचे गणितही लक्षात ठेवावे. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन चढले की वर सरकते, म्हणून सकाळी वरून खाली उतरणाऱ्याचा वास त्याच्या आधी पोहोचलेला असतो.

शिंगे आपटून नरांच्या झुंजीचा आवाज काढण्याची युक्ती माजाच्या दिवसांत कधीकधी लागू पडते. मला ती दोनदाच फळली. एकदा नराऐवजी दुसरा शिकारीच आला. तेव्हापासून मी ती गर्दीच्या रानात वापरत नाही. भगव्या किंवा झगझगीत गुलाबी रंगाचे किमान ४०० चौरस इंच कापड कमरेच्या वर, चारही बाजूंनी दिसेल असे, रायफलच्या हंगामात सक्तीचे आहे. नुसती टोपी चालत नाही.

आता माझी चूक. या दिवसांत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास गोळी झाडण्याची कायद्याने मुभा असते. सहाव्या हंगामात पावणेपाचला, पावसात, मी एका नरावर गोळी झाडली. लागली हे मला कळले होते. अर्धा तास थांबायचे सोडून मी उतावीळपणे लगेच मागे गेलो, त्याला बसल्या जागेवरून उठवले आणि तो पुढच्या दाटीत शिरला. पावसाने रक्ताचा माग पंधरा मिनिटांत धुऊन टाकला. रात्री नऊपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधूनही तो मिळाला नाही. तेव्हापासून पावसात शेवटच्या उजेडात मी बंदूक खांद्याला लावत नाही. गोळी झाडली की हरीण उभे होते ती जागा आणि ते शेवटचे दिसले ती जागा, दोन्हींकडे बोट दाखवून मोबाइलवर छायाचित्र घेतो, कारण अंधारात प्रत्येक फर्न सारखाच दिसतो.

कपड्यांत सुती काहीही नको. ओला सुती बनियन अंगातली ऊब शोषून घेतो आणि पाच-सहा अंश तापमानात थंडी बाधायला तेवढे पुरते. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. हरीण पडले की लगेच टॅगवरचा महिना आणि दिवस कापावा, आतडी काढून मांस निवू द्यावे आणि नर असल्याचा पुरावा देहाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवावा. शक्य तर तांब्याची गोळी वापरावी, म्हणजे मांसात शिशाचे कण राहत नाहीत. या मांसाला चरबी फार कमी. बोकडाच्या मटणाच्या अंदाजाने तेल घातले तर रस्सा कोरडा लागतो. मांडीचे तुकडे दह्यात रात्रभर मुरवून मंद आचेवर शिजवावेत.

शेवटी एक काम राहते, जे पहिल्या वर्षी मी विसरलो होतो. हरीण मिळो वा न मिळो, किंबहुना रानात पाऊलही टाकले नसेल तरी, टॅग घेतलेल्या प्रत्येकाने ३१ जानेवारीपर्यंत राज्याच्या वन्यजीव विभागाकडे अहवाल भरायचा असतो. नाहीतर पुढच्या वर्षी परवाना घेताना दहा डॉलर दंड भरावा लागतो. मी तो भरला, आणि तोही एकही नर न पाहिलेल्या वर्षासाठी.