मळी आणली की लगेच सरीत ओतू नका

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या खोऱ्यात माझं उसाचं वावर आहे. गाळप सुरू झालं की इकडे प्रेसमडच्या, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, मळीच्या, ट्रॉल्या फिरू लागतात आणि बरेच कास्तकार ती आणून थेट सरीत ओततात. माझं कळकळीचं सांगणं एकच: आधी कुजवा, मग टाका.

100 टन ऊस गाळला की साधारण 3 ते 4 टन मळी निघते. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) चांगला, सोबत नत्र, कॅल्शियम, गंधक आणि भरपूर सेंद्रिय कर्ब. पण ताजी मळी बोटांत चुरून पाहा, तुपकट लागते. ते उसाचं मेण. त्यामुळे ती सावकाश कुजते, आणि कुजताना तापते. कोवळ्या कोंबांना ती उष्णता सोसत नाही. शिवाय कच्च्या खतात हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे अंडी घालतात.

भाड्याचाही हिशेब करा. ताज्या मळीत 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 10 टनांचं भाडं भरून 7 टन पाणी वावरात कशाला आणायचं? निथळलेला, जुना ढीग मागा.

धुऱ्याजवळ, पावसाचं पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर, 8-10 फूट रुंद आणि 4-5 फूट उंच असा लांबट ढीग लावा. थर देताना मधेमधे शेणकाला शिंपडा आणि टनाला 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. ओल बघायला मूठभर मळी घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. काही दिवसांत ढीग असा तापतो की आत खुपसलेला हात ठेवता येत नाही. घाबरू नका, काम सुरू झाल्याची ती खूण आहे. दर पंधरवड्याला ढीग खालीवर करा, सुकला तर पाणी मारा. दोन-अडीच महिन्यांत तो गार पडतो, तुपकटपणा जातो, आंबूस वासाऐवजी ओल्या मातीचा वास येतो. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू तेव्हाच मिसळा. तापलेल्या ढिगात ते तग धरत नाहीत.

लागवडीआधी एकरी 4-5 टन, सरीच्या तळाशी, मातीत मिसळून द्या. सुपर फॉस्फेट किती कमी करायचं ते माती परीक्षण पाहून ठरवा. पालाश मात्र वेगळा द्यावाच लागतो.

कारखान्याच्या बॉयलरच्या राखेत थोडा पालाश आणि सिलिका असते. पण राख अल्कधर्मी, आणि आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच तशी, म्हणून हात आखडूनच टाका. युरिया किंवा डीएपीत तर ती कधीच मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

डिस्टिलरीचं कच्चं स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेलं सांडपाणी, कोणी फुकटात सोडतो म्हणाला तरी घेऊ नका. ते आम्लधर्मी असतं, क्षारांनी भरलेलं असतं, आणि पाझरून विहिरीत उतरलं की पाणी पिण्याजोगं राहत नाही. टँकर धुऱ्यावरूनच परत पाठवा.