लॅबमधली छोटी अॅक्सियल टर्बाइन: डिझाइन आणि चाचणी

अॅक्सियल टर्बाइनमध्ये हवा शाफ्टच्या दिशेने वाहत पाती फिरवते. पात्यांच्या कड्याचा सरासरी व्यास १०० मिमी आणि वेग २०,००० आरपीएम धरला, तर पात्यांचा वेग सेकंदाला सुमारे १०५ मीटर येतो. फ्लो कोएफिशंट (हवेचा अक्षीय वेग भागिले पात्यांचा वेग) ०.६, लोडिंग कोएफिशंट (किलोमागचं काम भागिले पात्यांच्या वेगाचा वर्ग) १.२ आणि रिअॅक्शन (हवेच्या एकूण ऊर्जा-घटीतला रोटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांचा वाटा) ५० टक्के घ्या. नोझलमधून, म्हणजे रोटरआधीच्या स्थिर पात्यांमधून, हवा अक्षाशी साधारण ६१ अंशांचा कोन करून बाहेर पडेल आणि किलोमागे १३ किलोज्यूल काम मिळेल. पाती १० मिमी उंच असतील तर सेकंदाला पाव किलोच्या आसपास हवा लागेल, शक्ती ३ किलोवॅट. कॉम्प्रेसर एवढी हवा सलग देतो का, हे कॅड उघडण्याआधीच तपासा. टाकीच्या भरवशावर राहिलात तर तापमान स्थिरावण्याआधीच हवा संपते.

नोझलची पाती २३, रोटरची ३२ ठेवा. दोन्ही आकड्यांना सामाईक विभाजक नसला की कंपनं एकमेकांत मिसळून वाढत नाहीत.

खरी परीक्षा टोकाच्या फटीची, म्हणजे रोटरच्या पात्यांचं टोक आणि केसिंग यांच्यातल्या अंतराची. १० मिमी उंचीला ०.२ मिमी फट म्हणजे २ टक्के, आणि उंचीच्या दर टक्क्यामागे कार्यक्षमता साधारण दीड ते दोन टक्क्यांनी घसरते. पात्यांचा आकार घासूनपुसून जेवढं कमावाल, तेवढं इथे सहज गमवाल. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंना मोजा. एका बाजूला कमी भरली तर केसिंग आणि शाफ्ट एककेंद्री नाहीत.

रोटर जी २.५ या आयएसओच्या समतोल-दर्जापर्यंत बॅलन्स करा. अर्धा किलोच्या रोटरला या वेगाला जेमतेम ०.६ ग्रॅम-मिमी असमतोल चालतो. भोवती पोलादी कडं हवंच. लोड, म्हणजे टर्बाइन फिरवत असलेला जनरेटर, अचानक सुटला तर वेग झपाट्याने चढतो आणि ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ठरलेल्या वेगाच्या ११० टक्क्यांना हवा आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह बसवा आणि तो आधी कमी वेगावर चालवून पाहा.

कार्यक्षमता टॉर्कवरून काढा. हवेचं तापमान जेमतेम १३ अंशांनी उतरतं, त्यात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे जवळपास ४ टक्के. जनरेटर झुलत्या पाळण्यावर (त्याची बॉडी अक्षाभोवती मोकळी फिरू शकेल अशा आधारावर) बसवून १०० मिमी दांड्याने लोडसेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) टेकवा. जनरेटरच्या ताठ वायरीच टॉर्क खातात. दांड्याला १०० ग्रॅम वजन टांगा: ०.०९८ न्यूटन-मीटर दिसायला हवं, आणि काढल्यावर शून्य. परतत नसेल तर वायरी सैल सोडा.

इनलेटचा दाब कायम ठेवून लोड पायरीपायरीने वाढवा, मग त्याच पायऱ्यांनी उतरवा. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर पाळणा अडकतोय किंवा तापमान अजून स्थिरावलेलं नाही. बेअरिंगचं घर्षण पात्यांविना त्याच वजनाची चकती मोटरवर फिरवून वेगळं मोजा आणि मिळालेल्या टॉर्कमध्ये मिळवा.