कॅथलिक हायस्कूलच्या संघात खेळायचे असेल तर : कॅलिफोर्नियातील पालकांसाठी

कॉनकॉर्ड येथील द ला साल हायस्कूल ही मुलांची कॅथलिक शाळा 1992 ते 2004 या काळात सलग 151 अमेरिकन फुटबॉल सामने जिंकल्यामुळे देशभर गाजली. मात्र अशा शाळेत पाल्याला घालताना केवळ विजयांची यादी पाहू नये.

शाळेचा निर्णय शक्यतो नववीच्या प्रवेशापूर्वीच पक्का करावा, कारण पुढे घर न बदलता शाळा बदलल्यास राज्य क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार मुख्य संघातून खेळण्यावर बंधने येऊ शकतात. दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि गुणांची सरासरी 4.0 पैकी किमान 2.0 राखावी.

प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा सर्वाधिक वेळ सरावाच्या पद्धतीविषयी विचारण्यात घालवावा. माजी मुख्य प्रशिक्षक बॉब लादुसर यांच्या कारकिर्दीत द ला सालचे खेळाडू आठवड्याची उद्दिष्टे कार्डावर लिहून सहकाऱ्यांसमोर वाचून दाखवत, आणि त्या उद्दिष्टांचा जाब त्यांना एकमेकांनाच द्यावा लागे. माझ्या मते ही शिस्त कोणत्याही चषकाहून मोलाची आहे. दुखापतीनंतर, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवण्याचा निर्णय कोण घेतो, हेही स्पष्टपणे विचारावे.

धर्मशिक्षणाचा विषय बहुधा सर्वांनाच सक्तीचा असतो, मग कुटुंब हिंदू असो वा अन्य धर्मीय. त्याची कल्पना मुलाला आधीच द्यावी. शुल्क परवडत नसल्यास आर्थिक साहाय्याचा अर्ज प्रवेशअर्जाबरोबरच भरावा.