शिंगलच्या छपरावर सोलर बसवताना गळती ओढवून घेणाऱ्या या चुका टाळा

सोलर बसल्यावर छप्पर गळायला लागलं की पहिला आळ पॅनेलवर येतो. पॅनेलचा यात काही दोष नसतो. पाणी शिरतं ते खालच्या बोल्टांच्या भोकांतून, आणि वीसेक पॅनेलच्या संचासाठी अशी तीस-चाळीस भोकं सहज पडतात. त्यातलं एक बिघडलं तरी पुरे. शिवाय ते पुढची वीस-पंचवीस वर्षं पॅनेलखाली झाकलेलं राहणार, म्हणजे डाग दिसेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

डांबरी शिंगलचं छप्पर, म्हणजे एकावर एक चढवलेल्या डांबरी पट्ट्यांच्या ओळी, पाणी कोंडून धरत नाही, ते वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उतरवत नेतं. वरची ओळ खालच्या ओळीचे खिळे झाकते, एवढीच त्याची युक्ती. त्यामुळे तुम्ही छपरात जे काही नवीन घालाल त्याला याच क्रमात बसावं लागतं: वरची कड वरच्या शिंगलखाली, खालची कड खालच्या शिंगलवर.

सीलंटवर भिस्त

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पॅनेलची रेल (आडवी पट्टी) ज्यावर बसते तो धातूचा पाय थेट शिंगलवर ठेवायचा, बोल्ट पिळायचा, भोवती सीलंटचा गोळा थापायचा आणि शिडी उतरायची. एक-दोन वर्षं काहीच होत नाही, म्हणून ‘आम्ही असंच बसवतो, कधी तक्रार आली नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. तक्रार उशिरा येते, कारण बिघाड हळू होतो. शिंगलच्या पृष्ठभागावर दगडी दाणे असतात. सीलंट त्या दाण्यांना चिकटतं आणि दाणे कालांतराने सुटतात. धातूचा पाय रोज उन्हाने फुगतो, रात्री आकसतो, वाऱ्यात रेल हलते. सीलंट कडक झालं की कडेला केसाएवढी भेग पडते. अशी भेग पाणी आत ओढून घेते आणि वाळतही नाही. सिलिकोन तर इथे वापरूच नका, ते डांबरावर नीट धरत नाही. पॉलियुरेथेनचं किंवा नळीवर डांबरी छपरासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

खरा उपाय फ्लॅशिंगचा, म्हणजे भोकावरून पाणी वळवून नेणारा पत्रा. साधारण ९ × १२ इंचांचा ॲल्युमिनियमचा पत्रा पायासोबतच येतो. पण तो कितपत वर सरकवायचा, इथेच घाई नडते. तीन पाकळ्यांच्या शिंगलमध्ये पाकळ्यांच्या मधे उभ्या फटी असतात. पाणी त्या फटीतून खालच्या थरावर उतरतं. पत्र्याची वरची कड त्या फटीच्या मध्येच थांबली, तर पाणी पत्र्यावर न पडता त्याच्या मागून खाली जातं आणि नेमकं बोल्टपाशी पोहोचतं. म्हणून वरची कड दोन थर वर, म्हणजे बोल्टच्या ओळीपासून दुसऱ्या ओळीच्या खालच्या काठापलीकडे किमान पाऊण इंच गेलीच पाहिजे.

ती सहज जात नाही, वाटेत खिळे असतात. चपटी पहार घ्या, शिंगलची चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवा, आडवा येणारा खिळा उपटा आणि त्याच्या भोकात सीलंट भरा. पत्रा खिळ्याला टेकला की ‘बस झालं’ म्हणणारे आणि पत्र्याचा कोपराच कातरणारे, दोघेही गळतीची तारीख ठरवून जातात.

पत्र्याच्या खालच्या अंगाला सीलंट लावा, पण उलट्या ‘यू’च्या आकारात: वर आणि दोन्ही बाजूंना पट्टी, खालची बाजू मोकळी. चारही कडा बंद केल्या तर चुकून आत गेलेलं पाणी तिथेच साचतं आणि त्याला बाहेर पडायला बोल्टचं भोक तेवढं उरतं. सीलंट इथे मदतनीस आहे. काम पत्र्याने करायचं.

वासा चुकला आणि भोक तसंच राहिलं

बोल्ट वाशाच्या लाकडातच धरतो, आणि अशा छपरांच्या बहुतेक घरांत वाशाची रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. वासे १६ किंवा २४ इंचांवर असतात असं धरून वरूनच माप टाकणारे पुष्कळ आहेत, पण एखादा वासा इंचभर सरकलेला असतोच.

मग प्रकार ठरलेला. ड्रिल शिंगलखालचं अर्धा-पाऊण इंच प्लाय कापतं आणि एकदम आत पडतं, म्हणजे वासा चुकला. माणूस डावीकडे सरकून भोक पाडतो, तेही रिकामं. मग उजवीकडे, तिथे लाकूड लागतं. बोल्ट बसतो, पत्रा बसतो, आणि बाजूच्या दोन भोकांवर बोटाने सीलंट फासलं जातं. त्यातलं एक पत्र्याच्या कडेबाहेर असतं. दोन-तीन वर्षांनी खोलीच्या छतावर आतून पिवळा डाग उमटतो. तोही भोकाखाली नाही, कारण पाणी वाशाच्या कडेने वळचणीकडे घसरत जाऊन चार-पाच फुटांवर टपकतं. घरमालक डागाच्या वरचे पाय उघडायला लावतो, ते सगळे ठणठणीत निघतात, वर नवीन सीलंट थापलं जातं. पुढच्या पावसात डाग तिथेच. खरं भोक सापडतं ते शेवटी कुणीतरी माळ्यावर चढून प्लायच्या पोटातून बारीक उजेड किंवा काळा ओघळ पाहतो तेव्हा.

टाळायचं असेल तर आधी माळ्यावर जा. वाशाला लागून आतून एक बारीक भोक वर काढा, त्यात तार उभी करा आणि छपरावर त्या तारेपासून मोजा. हे भोक मात्र त्याच दिवशी पत्रा सरकवून बंद करायचं. माळ्यावर जाता येत नसेल तर वळचणीला दिसणारी वाशांची टोकं बघा आणि हातोडीने ठोकून आवाज ऐका. भिंतीमागचं लाकूड शोधायचं यंत्र शिंगल-प्लायच्या जाडीवर भरवशाचं नाही.

८ मिमीच्या लॅग बोल्टला (लाकडात पिळून बसवायच्या जाड बोल्टला) मऊ लाकडात सुमारे ५.५ मिमीचं आधीचं भोक पाडा, वाशाच्या मध्यावर. लाकडात किमान ६३ मिमी आटे गेले पाहिजेत. आतून कोरडा, फिकट भुसा सतत येत राहिला तर वासा लागलाय. चुकलेलं प्रत्येक भोक सीलंटने भरा आणि पत्र्याचा स्वतंत्र तुकडा वरच्या शिंगलखाली सरकवून झाका. नुसतं फासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बाकीच्या, पण कमी खोडसाळ नव्हेत

बोल्ट इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे ठोके देत पिळणाऱ्या यंत्राने, शेवटपर्यंत पिळू नका. आटे मरतात, रबरी वॉशर चिरडून बाहेर येतो. शेवटचे फेरे हाताने द्या आणि वॉशर बोटाने फिरेनासा झाला की थांबा.

कडाक्याच्या थंडीत शिंगल उचललं की मोडतं, भर उन्हात पावलाखाली दाणे निघतात. थंड हवेत ऊन चढेपर्यंत थांबा, गरम हवेत सकाळी लवकर उरका. दिवस वाचवायला निघालेले इथेच शिंगल गमावतात.

जुन्या छपरावर घाई नको. कडा वळलेल्या, दाणे झडून काळं अंग दिसणारं शिंगल असेल तर आधी छप्पर बदला. नंतर बदलायचं तर सगळा संच उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

पॅनेलखाली येणाऱ्या व्हेंट पाइपचे (छपरातून वर येणाऱ्या हवेच्या नळ्यांचे) रबरी बूट, म्हणजे बुडाशी बसणारे रबरी कॉलर, आधीच बदला. शिंगलच्या आधी ते तडकतात आणि नंतर तिथे हात पोहोचत नाही.

दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत पाय रोवू नका, तिथे दोन्ही बाजूंचं पाणी येतं. केबल छपरातून आत न्यायची तर तिलाही फ्लॅशिंग असलेली पेटी हवी. भोकात कोंबलेली नळी आणि वर सीलंट हा तोच जुना आजार.

बिनपत्र्याचे, ब्युटाइलची (चिकट रबराची) गादी असलेले पाय वापरत असाल तर जागा कोरडी आणि झाडलेली हवी. गादी शिंगलच्या पायरीवर आडवी आली तर खाली फट राहते, म्हणून सपाट जागा निवडा किंवा निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे ती उंची भरून काढा.

गळती लागलीच तर

आधी पाऊस आणि ओल यांचा मेळ बघा. पाऊस नसताना, थंड सकाळी बोल्टच्या आतल्या टोकावर थेंब दिसले तर ते दव आहे. घरातली दमट हवा थंड धातूवर जमते. तिथे सीलंट वाया जाईल, माळ्याची हवा खेळती करा.

पावसातच गळत असेल तर एक माणूस माळ्यावर टॉर्च घेऊन बसवा आणि दुसऱ्याने बागेची नळी घ्यावी. डागाच्या खालच्या बाजूने सुरुवात करून एकेका ओळीवर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडत वर सरका. नळीचं तोंड कायम खाली वळवलेलं ठेवा. शिंगलखाली उलटा फवारा मारला तर चांगलं छप्परही गळतं. थेट आढ्यापासून सुरू केलं तर सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. आत थेंब दिसला की नळी बंद करा, त्या ओळीवर खडूने खूण करा आणि त्या ओळीतला पाय, त्याच्या आसपासची भोकं आणि जवळच्या चिमणीचं किंवा पाइपचं फ्लॅशिंग उघडून बघा. शेवटचं विसरू नका, कारण पॅनेल बसताना पावलं तिथेही पडलेली असतात.