काचेचे दागिने शिकताय? या चुका टाळा

शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी कानातले तयार करून घरी न्यायचे असतात. ही घाईच पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ आहे.

आधी सोल्डरबद्दल, म्हणजे काचेचे तुकडे जोडायला वितळवतात त्या धातूबद्दल बोलते, कारण बाकीच्या चुकांत काच वाया जाते, या चुकीत माणसाच्या तब्येतीशी खेळ होतो. स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडायच्या कामात सर्रास वापरतात ते ६०/४० सोल्डर म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १९० अंशांच्या आसपास वितळतं, सुरेख पसरतं, स्वस्तही पडतं. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या रंगीत खिडक्यांचे तुकडेही शिशाच्या पट्ट्यांनीच जोडलेले आहेत. खिडकीत शिसं चालतं. दागिना दिवसभर कातडीला घासतो, घामाने भिजतो, कडेवरचं मूल तो तोंडात घालतं.

माझ्या एका विद्यार्थिनीने दिवाळीच्या प्रदर्शनात टेबलभर पेंडंट मांडली होती. काम देखणं होतं. सोल्डर कुठलं, विचारलं तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं, इलेक्ट्रॉनिक्सचं ६०/४०. ‘‘वरून पॅटिना आणि वॅक्स लावलंय ना, मग शिसं बाहेर कसं येईल?’’ असं तिचं म्हणणं. पॅटिना म्हणजे सोल्डरचा रंग बदलणारं रसायन. अहो, पॅटिना आणि वॅक्स वापरात झिजतात. तिला विक्री तिथल्या तिथे थांबवायला लावली आणि विकलेली पेंडंट फोन करून परत मागवायला लावली. त्या दिवाळीत तिच्या हाती पैसा लागला नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

दागिन्याला शिसंविरहित सोल्डरच वापरा. ते महाग असतं, २२० अंशांच्या आसपास वितळतं आणि हट्टीपणे घट्ट राहतं, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. माझ्याकडे दोन सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायची तापणारी हत्यारं आहेत. शिशाच्या आयर्नला लाल टेप गुंडाळलेली असते आणि दोघांचे स्पंजही वेगळे.

कानातल्यांचे आकडे ९२.५ चांदीचे घ्या. स्वस्त आकड्यांतल्या निकेलने कान चिघळतात.

दुसरी चूक कटरची, म्हणजे काच तोडण्याआधी तिच्यावर रेघ ओढायच्या चाकाच्या हत्याराची. रेघ नीट उमटली नाही असं वाटलं की लोक त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवतात. त्याने चाकाची धार जाते आणि काच तोडताना तडा भलतीकडे पळतो. रेघ एकदाच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकाच दाबाने ओढा. सलग ‘सर्र’ आवाज आला की समजा जमलं. रेघ ओढली की लगेच तोडा, चहाला उठू नका. ज्याला हा आवाज ओळखता येत नाही, त्याला मी रंगीत काच देतच नाही, साध्या ३ मिलिमीटर खिडकीच्या काचेवर हात बसवायला सांगते.

गाडीच्या दाराची किंवा कुठलीही टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कापायच्या फंदात पडू नका, ती चुरा होते. काचेच्या कडा घासायचा ग्राइंडर कोरडा चालवू नका. आयर्न एकाच जागी टेकवून ठेवलं की काच तडकते.

सोल्डर धरावं म्हणून तुकड्यांच्या कडांना गुंडाळतात त्या तांब्याच्या फॉइलचं म्हणाल तर ३ मिलिमीटर काचेला ७/३२ इंची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना साधारण सव्वा मिलिमीटर वळते. ग्राइंडिंगची पांढरी धूळ साबणाने धुतल्याशिवाय ती चिकटत नाही. पावसाळ्यात फॉइल लावलेले तुकडे उघडे ठेवले की काळवंडतात आणि त्यावर सोल्डर बसत नाही. बारीक स्टील वूलने घासा, मग फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावायचं रसायन) लावा. आणि काम संपलं की त्याच संध्याकाळी खायचा सोडा व साबण लावून फ्लक्स धुऊन टाका. नाहीतर जोडांवर पांढरी भुकटी चढते आणि गिऱ्हाईक दागिना परत घेऊन येतं.