लंबकाला इन्वारचा दांडा बसवताना

माझ्या भिंतीवरचं सेकंद-लंबकाचं (लंबक एका सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो असं) घड्याळ जानेवारीत अचूक लावलं की एप्रिलअखेर रोज आठ सेकंद मागे पडायचं. चक्रं ठीक होती. दोष होता लंबकाच्या पोलादी दांड्यात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, आणि तेवढ्यानं घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद मागे जातं. पुण्यातली माझी खोली हिवाळ्यात १८ अंशांवर असते, उन्हाळ्यात ३४. सोळा अंशांचे आठ सेकंद, हिशोब चोख जुळला.

उपाय म्हणजे इन्वार: ३६ टक्के निकेल, बाकी जवळजवळ सगळं लोखंड. पॅरिसजवळ सेव्हरच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे ब्युरोत शार्ल एदुआर गियोम यांना ते १८९६ मध्ये सापडलं, आणि १९२० चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचे वडील घड्याळजी होते, याचा मला फार आनंद वाटतो. इन्वारची वाढ दर अंशाला मीटरमागे साधारण सव्वा मायक्रॉन, म्हणजे पोलादाच्या जेमतेम दहावा हिस्सा.

आठ मिलिमीटरचा गज घेताना तपासणी-दाखला मागा आणि कार्बनचा आकडा बघा. कार्बन जास्त असेल तर दांडा वर्षानुवर्षं कणाकणानं लांबत राहतो. लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, हा धातू चिवट वागतो, टूलला चिकटतो. टूल धारदार ठेवा, वेग कमी, कूलंट सढळ. टूल नुसतं घासू देऊ नका. घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा काप बिघडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा पहिला दांडा मिलिमीटरभर वाकला होता. मी तो लाकडी हातोडीनं ठोकून सरळ केला आणि तसाच बसवला. पावसाळाभर खोलीचं तापमान फारसं हललं नाही, तरी घड्याळाची चाल सरकतच राहिली. ठोकण्यानं धातूत ताण बसला होता आणि तो सावकाश सुटत होता. सहा महिन्यांच्या नोंदी वाया गेल्या. म्हणून जाड कातकाम झाल्यावर गज हीट-ट्रीटमेंटवाल्याकडे द्या: ८३० अंशांवर अर्धा तास ठेवून पाण्यात, मग ३१५ वर एक तास ठेवून हवेत थंड. भट्टीत तो उभा टांगायला सांगा, आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानं झुकतो. मग आटे पाडा, शेवटी ९६ अंशांवर चोवीस तास ठेवा. यानंतर त्याला हातोडी लावायची नाही.

उरलेली वाढ पितळी नळीनं मारता येते. दांड्याच्या तळाशी नट, नटावर नळी, आणि नळीच्या माथ्यावर लंबकाचा जड गोळा टेकवायचा, पण थेट त्याच्या मध्यावर. त्यासाठी गोळ्याचं खालच्या अर्ध्या भागातलं भोक नळी आत जाईल इतकं मोठं हवं. उष्णतेनं दांडा खाली वाढतो, पितळ वर वाढतं, आणि गोळ्याचा मध्य जागच्या जागी राहतो. पितळ मीटरमागे १९ मायक्रॉन धरलं तर ९९ सेंटीमीटरच्या लंबकाला नळी सुमारे ७० मिलिमीटर येते. पण इन्वार गजागजाला थोडं वेगळं निघतं, म्हणून नळी ८० ची कापा. कमी करता येते, वाढवता येत नाही.

नटाचे आटे एक मिलिमीटरचे ठेवा. पूर्ण एक फेरा म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद, त्यामुळे नटाच्या कडेवर ४३ खुणा कोरल्या की एक खूण एक सेकंद.

मग रोज सकाळी सात वाजता चूक आणि तापमान वहीत लिहा. थर्मामीटर गोळ्याच्या उंचीवर टांगा, छताजवळची हवा वेगळीच असते. एकेका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. नळीचा एक मिलिमीटर पंधरा अंशांच्या फरकातही दिवसाला जेमतेम शतांश सेकंद देतो, तो महिन्याच्या बेरजेतच दिसतो. मे महिन्यात घड्याळ जानेवारीपेक्षा पुढे पळत असेल तर नळी लांब आहे. दोन मिलिमीटर कातून काढा आणि पुन्हा वही उघडा.