नकली बिस्किटं, स्वस्तातली सजावट
सजावटीसाठी खोटा खाऊ करायचा तर सगळ्यात स्वस्त माल म्हणजे मिठाची कणीक. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि साधारण १ वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबा. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून आकार कापा. टांगायचे असतील तर स्ट्रॉने भोक आत्ताच पाडा, वाळल्यावर तुकडा पडतो. ओव्हन १०० अंशांच्या आसपास, दोन-तीन तास. आच वाढवली की फुगतात.

खरी गंमत आयसिंगची! भिंतीच्या भेगा बुजवायच्या तयार पुट्टीत थोडा पांढरा गोंद घाला, पिशवीचा कोपरा कापून पिळा. कुठे ओघळलं तर राहू द्या. फार नीटनेटकं काढलं की खोटेपणा लगेच उघडा पडतो. त्याआधी कडांवरून पातळ तपकिरी ॲक्रिलिक रंगाचा हात फिरवा, अगदी खरपूस भाजल्यासारखं दिसतं. शेवटी वार्निश, मागच्या बाजूलाही. नाहीतर मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि बिस्किटं मऊ पडतात.

घरात कुत्रा असेल तर उंचावर टांगा. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.